परदेशी पैशाने पोरं शिकतात का?

परदेशी मदतीच्या पैशाने पोरं शिकतात का, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. नाशिक जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये माझी नोकरी गेली, शेवटची काही वर्षं केंद्रप्रमुख म्हणून. त्यामुळे लग्नाकार्यात भेटलं की कुणीतरी विचारतंच, “सर, जागतिक बँकेचे पैसे येतात म्हणतात, त्यानं पोरं खरंच शिकतात का हो?”

शिकतात. पण तो पैसा पोराच्या घरापर्यंत पोचला तर.

पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावर सहावीतली एक मुलगी होती. जूनपासून दसऱ्यापर्यंत हजेरीपटावर तिचा एकही खाडा नाही, आणि नंतर ओळीने गैरहजेरी. आईबाप द्राक्षाच्या छाटणीला दिंडोरीकडे उतरले होते. एकदा त्याच रस्त्याने जाताना ती मला बांधावर दिसली. कडेवर धाकटा भाऊ, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं मराठीचं पुस्तक. म्हणाली, “सर, सातवा पाठ झाला का?” माझ्याच्यानं काही बोलवेना.

तिच्या शाळेच्या भिंती रंगवलेल्या होत्या, नवं कपाट आलं होतं. पण कडेवरचा भाऊ कोण सांभाळणार, याची तजवीज कुठल्याच योजनेत नव्हती.

पैसा पोराच्या घरापर्यंत पोचला पाहिजे, हे बांगलादेशाने हेरलं. 1994 पासून तिथे ग्रामीण भागातल्या माध्यमिक शाळेतल्या मुलींना विद्यावेतन सुरू झालं. त्यात जागतिक बँक, आशियाई विकास बँक आणि नॉर्वेचाही पैसा होता. अटी तीन: 75 टक्के हजेरी, परीक्षेत किमान 45 टक्के गुण आणि लग्न न करणं. पैसे मुलीच्या स्वतःच्या बँक खात्यात. माध्यमिक शाळांत मुली मुलांच्या बरोबरीने आल्या. शिकलेल्या आईची बाळं जास्त जगतात, हे तर आपल्या पाड्यांवरही दिसतं. मानव विकास म्हणतात तो मला इथे दिसतो.

कोरियाचं उदाहरण लोक हटकून देतात. युद्धात शाळा जमीनदोस्त झालेल्या, तेव्हा 1954 मध्ये युनेस्को आणि संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने सोलमध्ये पाठ्यपुस्तकांचा छापखाना उभा राहिला. 2010 मध्ये तोच दक्षिण कोरिया मदत देणाऱ्या देशांच्या समितीत जाऊन बसला. पण नुसत्या छापखान्याने हे झालं असं मी म्हणणार नाही. तिथल्या आईबापांनी पोटाला चिमटा काढून मुलांच्या शिक्षणावर खर्च केला.

आपल्याकडे 1994 मध्ये जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम आला. त्यातली एक अट मला फार मोलाची वाटते: बाहेरचा पैसा आला म्हणून राज्याने स्वतःचा शिक्षणावरचा खर्च कमी करायचा नाही. नाहीतर मदत शाळेच्या नावाने येते आणि वाचलेला पैसा भलतीकडे जातो. 2020 मध्ये मंजूर झालेल्या ‘स्टार्स’ या शालेय शिक्षण सुधारण्याच्या प्रकल्पात महाराष्ट्रासह सहा राज्यं होती, जागतिक बँकेचे 50 कोटी डॉलर होते. शिक्षक प्रशिक्षण, मूल्यमापन, सगळं हवंच. मी मात्र दर बैठकीत एकच विचारत आलो, छाटणीच्या दिवसांत पोरं राहतील कुठे? हंगामी वसतिगृह असेल तर पोर गावातच राहतं, वर्षही वाया जात नाही.

त्या मुलीला पुढच्या वर्षी आजीने पाड्यावरच ठेवून घेतलं. सातवीच्या वर्गात ती पहिल्या बाकावर बसायची.