आमची वाटचाल : मालकाने कुठे बसायचे?

आमच्या कंपनीची सुरुवात इतरांना सॉफ्टवेअर तयार करून देण्यापासून झाली. ग्राहक आपल्या गरजा लिहून देत असे, आम्ही किंमत आणि मुदत ठरवत असू, आणि मंजूर झालेल्या कागदाबाहेरचे काम निघाले की पुन्हा वाटाघाटीला बसत असू. या पद्धतीवर कंपनी अनेक वर्षे व्यवस्थित चालली, आणि मागणी स्पष्ट व मुदत ठरलेली असेल तर तिच्यात मला आजही काही वावगे दिसत नाही. मात्र गोदामातील साठ्याचा हिशेब ठेवणारे स्वतःचे उत्पादन बाजारात आणायचे आम्ही ठरवले, तेव्हा तो मंजूर कागदच उरला नाही. निरनिराळ्या गोदामांच्या परस्परविरोधी मागण्या होत्या, विक्रीच्या सहकाऱ्यांनी भेटीगाठींत दिलेली आश्वासने होती, आणि या सगळ्यांवर माझे स्वतःचे मत होते, जे मालकाचे असल्यामुळे आपोआप वरचढ ठरत असे.

स्क्रमकडे, म्हणजे छोट्या टीमने लहान लहान ठरलेल्या मुदतींत उत्पादन टप्प्याटप्प्याने तयार करण्याच्या पद्धतीकडे, आम्ही वळलो ते या परिस्थितीत. ही पद्धत केन श्वाबर आणि जेफ सदरलँड यांनी १९९५ मध्ये ऑस्टिन येथील एका परिषदेत मांडली. पुढे २००१ मध्ये अमेरिकेतील यूटा राज्यात स्नोबर्ड येथे जमून ज्या १७ जणांनी अजाइल जाहीरनामा (बदल सामावून घेत सॉफ्टवेअर तयार करण्याची तत्त्वे) लिहिला, त्यांतही हे दोघे होते. त्यांनीच २०१० पासून प्रसिद्ध केलेले स्क्रम गाइड, म्हणजे या पद्धतीची मार्गदर्शिका, २०२० च्या आवृत्तीत पंधरा पानांच्या आत आटोपते. ते वाचताना माझ्या लक्षात आलेली पहिली गोष्ट अशी की, त्यात कंपनीच्या मालकासाठी वेगळी जागाच ठेवलेली नाही. टीममध्ये प्रॉडक्ट ओनर (कोणते काम आधी हे ठरवणारा), स्क्रम मास्टर (पद्धत नीट पाळली जावी आणि अडथळे दूर व्हावेत हे पाहणारा) आणि डेव्हलपर (प्रत्यक्ष काम करणारे) अशा तीनच जबाबदाऱ्या आहेत, त्यांच्यात उतरंड नाही, आणि टीम साधारणपणे दहा किंवा त्याहून कमी जणांची असावी अशी अपेक्षा आहे. छोट्या कंपनीत ग्राहकाशी बोलणारा, कामाचा क्रम लावणारा, कामे वाटून देणारा आणि अडलेला प्रोग्राम रात्री बसून सोडवणारा माणूस बहुधा एकच असतो, आणि पगारही तोच देतो. त्यामुळे स्क्रम स्वीकारणे म्हणजे माझ्याकडे साठलेली कामे सुटी करून कोणती कोणाकडे द्यायची हे ठरवणे होते. बैठकांचे वेळापत्रक आखणे त्या मानाने सोपे गेले.

प्रॉडक्ट ओनरची जबाबदारी आरंभी मीच घेतली, आणि त्या टप्प्यावर ते सयुक्तिकच होते, कारण उत्पादनाची कल्पना माझ्या डोक्यात होती. प्रॉडक्ट ओनर ही एकच व्यक्ती असते, समिती नसते. बॅकलॉगमधील, म्हणजे करायच्या कामांच्या यादीतील, कामांचा क्रम तिने लावायचा आणि तो साऱ्या संस्थेने मानायचा, अशी गाइडची भूमिका आहे. अडचण दुसऱ्या बाजूने आली. बँक, पगार आणि करार यांत गुंतलेल्या माणसाला बॅकलॉगमधील प्रत्येक कामाचा तपशील स्पष्ट ठेवण्याइतका वेळ मिळत नाही, आणि डेव्हलपरचा प्रश्न उत्तरावाचून दोन दिवस पडून राहिला तर दोन आठवड्यांच्या स्प्रिंटमध्ये, म्हणजे कामाच्या एका ठरलेल्या फेरीत, तो बराच मोठा काळ असतो. शिवाय स्प्रिंटच्या शेवटी काम कसे झाले याचा आढावा घेणाऱ्या रेट्रोस्पेक्टिव्ह बैठकीमध्ये प्रॉडक्ट ओनर टीमचा सदस्य म्हणून बसतो. तिथे पगारवाढ ठरवणाऱ्या माणसासमोर ‘कामाचा क्रम वारंवार बदलल्यामुळे आमचे नुकसान झाले’ असे कनिष्ठ डेव्हलपरने मोकळेपणाने म्हणावे, ही अपेक्षा जरा जास्तच होती.

म्हणून ही जबाबदारी आम्ही ग्राहकसेवा सांभाळणाऱ्या सहकारी बाईंकडे दिली. गोदामातील माणसे आमचे उत्पादन प्रत्यक्षात कसे वापरतात हे त्यांच्याइतके कंपनीत कोणालाच ठाऊक नव्हते. अट एवढीच ठरली की माझी मागणी इतर कोणाच्याही मागणीसारखी बॅकलॉगमध्ये जाईल आणि तिची जागा त्या ठरवतील. लवकरच तसा प्रसंग आला. विक्रीच्या भेटीत दाखवण्यासाठी मला साठ्याचे आलेख असलेला पडदा (स्क्रीन) हवा होता, तर त्यांनी त्याच्या वर मोबाइलवरून ऑफलाइन नोंद करण्याची सोय ठेवली, कारण लोखंडी रॅकच्या रांगांमध्ये नेटवर्क जाते आणि कर्मचारी मग कागदावर लिहून ठेवतात. त्यांचा युक्तिवाद बिनतोड होता. तरीही आपल्याच कंपनीत आपली मागणी खाली सरकलेली पाहणे मालकाला जड जाते, आणि ज्यांना ते सोसवणार नाही त्यांनी दुसऱ्या कोणाला नावापुरते प्रॉडक्ट ओनर करू नये.

स्क्रम मास्टरच्या बाबतीत अनेक ठिकाणी जुन्या प्रोजेक्ट मॅनेजरलाच नवे नाव देऊन वेळ मारून नेली जाते. आमच्याकडे पूर्णवेळ स्क्रम मास्टर ठेवण्याइतके काम नव्हते आणि पैसेही नव्हते. टेस्टिंग करणाऱ्या एका अनुभवी सहकाऱ्याने ही जबाबदारी आपल्या कामाबरोबर घेतली. स्क्रम मास्टर स्वतः स्प्रिंटमधील काम करत असेल तर तेवढ्यापुरता तो डेव्हलपरच असतो, असे गाइड मानते. अडथळे दूर व्हावेत हे पाहणे त्यांच्याकडे आले, आणि त्यांनी केलेल्या पहिल्या यादीतील बरेचसे अडथळे माझ्याच टेबलाशी येऊन थांबत होते: चाचणीसाठी लागणाऱ्या बारकोड स्कॅनरची रखडलेली खरेदी, मोठ्या ग्राहकांचे डेव्हलपरना थेट येणारे फोन, आणि स्प्रिंटच्या मध्येच ‘जरा हे बघून घ्या’ म्हणून दिलेली कामे.

खरा बदल घडला तो नियोजनात. महिन्याभराच्या स्प्रिंटसाठी नियोजनाला जास्तीत जास्त आठ तास असतात आणि स्प्रिंट लहान असेल तर त्या मानाने कमी. आमचे दोन आठवड्यांचे नियोजन अर्ध्या दिवसात संपते. पूर्वी आम्ही बॅकलॉगच्या वरच्या टोकापासून कामे उचलत असू आणि वेळ भरला की थांबत असू. आता आधी हा स्प्रिंट कशासाठी हे ठरते, मग त्यासाठी कोणती कामे घ्यायची हे, आणि शेवटी ती कशी करायची हे डेव्हलपर आपापसांत ठरवतात. ऑफलाइन नोंदीच्या स्प्रिंटचे उद्दिष्ट आम्ही असे लिहिले होते: ‘नेटवर्क नसतानाही आलेल्या मालाची नोंद मोबाइलवर व्हावी आणि नेटवर्क आल्यावर ती सर्व्हरवर बिनचूक पोहोचावी.’ चौथ्या-पाचव्या दिवशी लक्षात आले की, दोन कर्मचाऱ्यांनी एकाच मालाची नोंद वेगवेगळ्या मोबाइलवर केली तर काय करायचे, हा प्रश्न अंदाजापेक्षा फार मोठा आहे. उद्दिष्ट लिहिलेले नसते तर सगळी कामे थोडी थोडी करून सगळीच अर्धवट राहिली असती. टीमने प्रॉडक्ट ओनरशी बोलून त्याच स्प्रिंटमधील छपाईच्या नमुन्याचे आणि शोधपट्टीचे काम काढून टाकले आणि उद्दिष्टाला धक्का लागू दिला नाही. हे करताना माझ्या परवानगीची गरज कोणालाही वाटली नाही, याचे मला समाधान आहे.

कामाच्या आकाराचा अंदाज आम्ही स्टोरी पॉइंटमध्ये (काम तुलनेने किती मोठे हे सांगणाऱ्या आकड्यांत), प्रत्येकाने आपल्या अंदाजाच्या आकड्याचा पत्ता दाखवून करतो. प्लॅनिंग पोकर ही पद्धत जेम्स ग्रेनिंग यांनी २००२ मध्ये मांडली. स्क्रम गाइडमध्ये ती नाही आणि स्टोरी पॉइंटही नाहीत, त्यामुळे त्यांना धर्मनियमाचे महत्त्व देण्याचे कारण नाही. एकाने २ चा पत्ता टाकावा आणि दुसऱ्याने १३ चा, की जी चर्चा सुरू होते ती आम्हाला हवी असते, कारण पहिल्याने फक्त पडदा पाहिलेला असतो आणि दुसऱ्याला त्यामागचे जुन्या विदेचे (डेटाचे) स्थलांतर दिसत असते. स्प्रिंटमध्ये किती पॉइंट पूर्ण झाले याचा कोणाच्याही वेतनवाढीशी संबंध जोडायचा नाही, असा नियम आम्ही पहिल्यापासून ठेवला. आकड्यावर पैसे मिळू लागले की आकडा फुगतो, आणि मग नियोजनासाठी त्याचा काही उपयोग उरत नाही. ग्राहकांच्या तातडीच्या तक्रारींसाठी आम्ही दर स्प्रिंटमध्ये एक डेव्हलपर आळीपाळीने बाजूला ठेवतो आणि त्याचा वेळ नियोजनात धरत नाही.

रोजच्या पंधरा मिनिटांच्या डेली स्क्रमला मी जात नाही. ती बैठक डेव्हलपरसाठी आहे, आणि मालक समोर उभा असला की प्रत्येकजण एकमेकांशी बोलण्याऐवजी त्याला हजेरी देऊ लागतो. स्प्रिंट रिव्ह्यूला मात्र मी आवर्जून असतो, कारण तिथे चालणारे उत्पादन समोर येते आणि एखाद्या गोदामाचा पर्यवेक्षकही बोलावलेला असतो. ‘झाले’ कशाला म्हणायचे याची व्याख्या भिंतीवर लावलेली आहे: दुसऱ्या डेव्हलपरने कोड तपासला, स्वयंचलित चाचण्या उत्तीर्ण झाल्या, ऑफलाइन चाचणी झाली आणि मदतपान लिहिले गेले. यांतले एक जरी राहिले तरी ते काम रिव्ह्यूमध्ये दाखवले जात नाही आणि बॅकलॉगमध्ये परत जाते.

विक्रीच्या सहकाऱ्यांना या पद्धतीची सवय व्हायला सर्वांत जास्त वेळ लागला. सहा महिन्यांनंतरची तारीख देऊन सौदा पक्का करण्याची त्यांची रीत होती. आता ते ग्राहकाला पुढच्या एक-दोन स्प्रिंटचे काम खात्रीने सांगतात आणि त्यापुढचा फक्त क्रम सांगतात, तोही बदलू शकतो असे स्पष्ट करून. काही ग्राहकांना हे पटले नाही आणि ते दुसरीकडे गेले. ज्यांना ठरावीक तारखेला ठरावीक गोष्टींची पूर्ण यादीच हवी असते, त्यांच्यासाठी जुन्या पद्धतीचे करार आम्ही वेगळ्या टीमकडून अजूनही करतो.

सध्या उत्पादनाची टीम दहाच्या वर गेली आहे आणि नियोजनाच्या बैठकीत निम्मे लोक ऐकत बसलेले दिसतात, म्हणून दोन टीम करण्याचे ठरले आहे. उत्पादन एकच असल्यामुळे प्रॉडक्ट ओनर, बॅकलॉग आणि उत्पादनाचे उद्दिष्ट दोन्ही टीमसाठी एकच राहील. एक टीम मोबाइलची आणि दुसरी सर्व्हरची, अशी विभागणी सुचवली गेली होती, पण तसे केल्यास प्रत्येक छोटे कामही दोन्ही टीमकडे अडकेल. त्याऐवजी एका टीमकडे माल आत येण्याचा आणि दुसरीकडे माल बाहेर जाण्याचा पूर्ण प्रवाह द्यावा, असे डेव्हलपरनीच सुचवले आहे. कोणी कोणत्या टीममध्ये जायचे, हेही पुढच्या नियोजनाआधी तेच ठरवणार आहेत.