गोळीनंतरचे साडेपंधरा तास : हॅर्येदालेनच्या जंगलात जखमी अस्वलाच्या मागावर

स्वीडनमधलं हॅर्येदालेन. ऑगस्टचा शेवटचा आठवडा, संध्याकाळचे चार वाजून चाळीस मिनिटं. झाडं तोडून मोकळ्या केलेल्या रानाच्या कडेला, माझ्यापासून साठेक मीटरवर अस्वल ब्लूबेरीच्या झुडपांत तोंड घालून आडवं उभं होतं. पिल्लं किंवा पिल्लांची आई असेल तर गोळी झाडायची नाही, असा इथला कायदा. म्हणून आधी दुर्बिणीतून बराच वेळ पाहिलं. एकटंच होतं. मग गोळी झाडली. अस्वल लोळलं, स्वतःच्याच कुशीला चावलं, उठलं आणि कोवळ्या स्प्रूसच्या (सूचिपर्णी झाडांच्या) दाट लागवडीत शिरलं.

दुसरी गोळी मी झाडलीच नाही. पहिलीचं काय झालं ते बघत राहिलो. दोन सेकंद गेले असतील. त्या दोन सेकंदांची किंमत त्या जनावराने मोजली, आणि हे लिहिण्याचं कारणही तेच. स्वीडनमध्ये आता शिकारीची परीक्षा देऊन गावातल्या टोळीत सामील झालेले मराठी लोक अधूनमधून भेटतात. त्यांना पहिली गोष्ट ही सांगायची आहे : अस्वल पडलं तरी रायफलचा बोल्ट ओढा, दुसरी गोळी नळीत घ्या आणि ते पूर्ण निपचित होईपर्यंत डोळा रायफलच्या दुर्बिणीवरून हलवू नका.

मी येव्ले शहरात राहतो. तिथून बोलनेस, ल्यूसडाल आणि पुढे ८४ क्रमांकाच्या रस्त्याने स्वेगपर्यंत गाडीने साडेतीन तास लागतात. स्वेगला रस्त्याच्या कडेला तेरा मीटर उंचीचं लाकडी अस्वल उभं आहे, ते दिसलं की आलं समजायचं. पेट्रोल आणि किराणा तिथेच भरून घ्या, पुढे दुकानं विरळ होत जातात. मोबाइलची रेंजही जंगलात भरवशाची नाही, त्यामुळे नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा आणि कागदी नकाशाही जवळ असू द्या.

अस्वलाची शिकार २१ ऑगस्टला सुरू होते. प्रत्येक जिल्ह्याचा कोटा ठरलेला असतो आणि तो भरला की शिकार बंद होते, त्यामुळे रोज निघण्याआधी किती शिल्लक आहे ते पाहावं लागतं. हा काटेकोरपणा उगाच आलेला नाही. १९३० च्या सुमारास या देशात जेमतेम १३० अस्वलं उरली होती. आता ती हजारोंत आहेत, पण मोजदाद सुटलेली नाही. गोळी झाडली की अस्वल हाती लागो न लागो, जिल्हा प्रशासनाला लगेच कळवायचं असतं.

तर, गोळीनंतर मी जागेवरून हललो नाही. एवढी एक गोष्ट मी नीट केली. घड्याळ पाहिलं, अस्वल उभं होतं तिथला वठलेला बर्च डोक्यात पक्का केला, ते आत शिरलं त्या जागेचा फोटो काढला, मी उभा होतो त्या झाडाला नारिंगी फीत बांधली आणि वॉकीटॉकीवर टोळीच्या म्होरक्याला सांगितलं. खाली उतरून ‘जरा बघून येतो’ असं प्रत्येकाला वाटतं, मलाही वाटलं. पण गोळी लागलेलं जनावर पाठलाग नाही असं वाटलं की जवळच आडवं होतं. मागून माणूस आला की उठून किलोमीटरभर आणखी जातं, किंवा वळतं.

ते वळणं किती गंभीर असतं ते आकड्यांत सांगतो. १९७७ ते २०१६ या चाळीस वर्षांत स्कँडिनेव्हियात तपकिरी अस्वलाने माणसांना जखमी केल्याच्या किंवा मारल्याच्या ४२ घटनांचा अभ्यास झाला आहे. त्यातले ३३ जण शिकारीला गेलेले होते आणि त्यातल्या २६ जणांनी हल्ल्याआधी त्या अस्वलावर जवळून गोळी झाडलेली होती. बेरी वेचणाऱ्याला पाहून मुकाट दूर जाणारं हे जनावर जखमी झालं की बदलतं. मी मूळचा बुलडाण्याचा. ज्ञानगंगेच्या जंगलालगत मोहफुलं वेचायला गेलेल्यांवर अस्वल धावून गेल्याच्या गोष्टी ऐकत वाढलो, म्हणून अस्वल म्हटलं की समोरासमोर अंगावर येणारं, हेच चित्र मनात होतं. इथलं अस्वल तसं येत नाही. ते लपतं, आणि ते जास्त अवघड.

इथल्या नियमाप्रमाणे जखमी अस्वलाचा माग काढायला खास तयार केलेला कुत्रा दोन तासांच्या आत गोळीच्या जागी पोचू शकला पाहिजे. आमच्याकडे ती सोय म्हणजे शेजारच्या गावातल्या एक साठीच्या बाई आणि त्यांची ताइगा नावाची येम्तहुंड कुत्री. ही करडी, लांडग्यासारखी दिसणारी जात याच जिल्ह्याची, १९४६ मध्ये स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळालेली. बाई सव्वा तासात आल्या. तुम्ही जाल तिथे अशा माणसाशी शिकारीच्या आधीच बोलून ठेवा. त्या दिवशी ते गावात आहेत ना, कुत्रा धडधाकट आहे ना, हे सकाळी पुन्हा विचारा.

बाई आधी एकट्याच गोळीच्या जागी गेल्या आणि गुडघ्यांवर बसून वीस मिनिटं जमीन पाहत राहिल्या. कापल्यासारखे तुटलेले केस मिळाले. रक्ताचे तीन-चार थेंब, गडद तांबडे. फुप्फुसाचं रक्त उजळ आणि फेसाळ असतं, ते नव्हतं. पोटातल्या अन्नाचे हिरवट कण किंवा वास नव्हता. हाडाची कपचीही नव्हती. “यकृत असावं,” त्या म्हणाल्या, “मरेल, पण लगेच नाही.” रक्त इतकं कमी बघून मला गोळी चाटून गेली असं वाटलं होतं. पण अस्वलाच्या कातडीखाली चरबीचा जाड थर असतो, तो भोक बुजवतो, आणि जे बाहेर येतं ते दाट केसांत जिरतं. त्यामुळे रक्त नाही म्हणजे गोळी लागली नाही, असा अर्थ अस्वलाच्या बाबतीत कधीच काढू नका.

मग थांबलो. हा काळ सगळ्यांत जड गेला. कायदा म्हणतो, जखमी जनावर शक्य तितक्या लवकर शोधून त्याच्या वेदना संपवा. आणि रात्री पावसाचा अंदाज होता. पावणेसातला आत शिरलो. पुढे लांब दोरावर ताइगा आणि बाई, त्यांच्या उजव्या हाताला बरोबरीने टोळीतला सर्वांत अनुभवी बंदूकवाला, मागे मी. माझ्या रायफलची नळी रिकामी, कारण मागच्या माणसाची भरलेली बंदूक पुढच्यांच्या पाठीकडे असते. माझं काम ठरलेलं : जिथे रक्ताची खूण दिसेल तिथे फीत बांधायची आणि मागे-बाजूला नजर ठेवायची. बाकीच्यांना दूरच्या मातीच्या रस्त्यांवर उभं केलं होतं. जास्त माणसं आत नेणं हा मदतीचा प्रकार नाही, त्यातून एकमेकांनाच गोळी लागण्याची भीती वाढते. रायफलच्या दुर्बिणीचं वर्धन सगळ्यात कमी आकड्यावर आणून ठेवा. दहा मीटरवरचं अस्वल आठपट मोठं दिसलं तर दिसतात फक्त केस.

चारशे मीटर गेलो आणि स्प्रूसखाली उजेड संपला. सूर्य मावळायला अजून पाऊण तास होता, पण आत पाच पावलांपलीकडे दिसत नव्हतं. बाई थांबल्या, शेवटच्या थेंबाजवळ दोन फिती बांधल्या आणि परत फिरल्या. मी पावसाचं काढलं. त्या म्हणाल्या, रक्त धुऊन जाईल, वास पूर्ण जाणार नाही, ताइगा बघून घेईल. मी वाद घातला नाही. रात्रभर पत्र्यावर पाऊस ऐकत पडून राहिलो. कुठेतरी ओल्या शेवाळात ते जनावर अजून श्वास घेत असेल, हे डोक्यातून जात नव्हतं. तरीही अंधारात न जाण्याचा त्यांचा निर्णय बरोबर होता, आज मी दुसऱ्या कुणाच्या बाबतीतही तोच घेईन.

त्या रात्री एक काम मात्र झालं. म्होरक्याने जंगलात जाणाऱ्या दोन्ही रस्त्यांच्या फाटकांवर जखमी अस्वल असल्याची पाटी लावली. हे दिवस बेरीचे. आपले लोक लेकराबाळांसह डबे घेऊन याच रानात शिरतात. अशी पाटी दिसली तर गाडी वळवा, दुसरीकडे भरपूर ब्लूबेरी आहेत.

सकाळी सहाला पुन्हा त्याच क्रमाने निघालो. रक्त खरंच धुऊन गेलं होतं. ताइगाने पाच मिनिटं घोटाळून माग उचलला. पुढे दलदल लागली, घोट्याच्या वर पाणी. रबरी बूट हवेतच, आणि कोरडे मोजे प्लास्टिकच्या पिशवीत. दलदलीनंतर ओढा, ओढ्यातून अस्वल काही अंतर पाण्यातूनच गेलेलं. साधारण किलोमीटरभरावर ताइगाने जमिनीवरचं नाक उचलून हवेत धरलं, मानेवरचे केस उभे राहिले, आणि ती डावीकडे पाहू लागली. माग मात्र सरळ पुढे जात होता.

बाईंनी हात वर केला. आम्ही पुतळ्यासारखे उभे. मग त्यांनी मागे सरकायची खूण केली, आम्ही वाऱ्याच्या बाजूने लांबून वळसा घेतला. सव्वाआठला ते दिसलं. स्वतःच्या मागापासून तीस मीटर बाजूला, वाकून परत आलेलं, पडलेल्या झाडाआड, तोंड त्याच मागाकडे करून. मेलेलं होतं. तरी बंदूकवाला रोखून उभा राहिला आणि बाईंनी पाठीमागून जाऊन लांब काठीने डोळ्याला स्पर्श केला. पापणी हलली नाही. डोळे मिटलेले दिसले तर विशेष जपा, मेलेल्या जनावराचे डोळे सहसा उघडे असतात.

नर होता, १४८ किलो. गोळी यकृतातून गेली होती, फुप्फुसाच्या एक वीत मागून. चरबी आणि केसांमुळे अंगातली ऊब रात्रभर टिकते, त्यामुळे पोट आतून नासलेलं होतं आणि मांस सोडून द्यावं लागलं. मांस चांगलं असतं तरी ट्रायकिनेलाच्या कृमीची तपासणी झाल्याशिवाय ते खायचं नसतं, तो नमुना विसरू नका. प्रशासनाने नेमलेला माणूस दुपारी येऊन अस्वल पाहून गेला. दात आणि इतर नमुने उप्सालाच्या राष्ट्रीय पशुवैद्यक संस्थेकडे जातात, दातावरून वय कळतं.

बाकीचे अस्वल रस्त्यापर्यंत ओढून नेत होते तेव्हा मी फिती सोडायला मागे गेलो. त्या रानात ठेवायच्या नसतात, नाहीतर पुढच्या मागाला गोंधळ होतो. एकेचाळीस निघाल्या. ओढ्यापाशी चिखलात त्याच्या मागच्या पायाचे ठसे पावसानंतरही शाबूत होते, तळवा आणि पाचही बोटं. डाव्या पायाचे ठसे स्पष्ट, उजव्याचे थोडे ओढलेले. तिथे ते बराच वेळ उभं राहिलेलं दिसत होतं, पाणी प्यायला.