एमएक्स रेकॉर्ड बदलला त्या शनिवारी

संस्थेची मेल परदेशी कंपनीकडून भारतीय कंपनीकडे न्यायची, असा ठराव आमच्या कार्यकारी मंडळाने दिवाळीनंतरच्या बैठकीत केला. त्यामागची हवा सगळ्यांना माहीत होती. १८ जुलै २०२५ रोजी युरोपीय संघाने रशियाविरुद्धच्या अठराव्या निर्बंधांत नायरा एनर्जीचं नाव घातलं. गुजरातेत वाडिनारला तिचा वर्षाला दोन कोटी टन क्षमतेचा तेलशुद्धीकरण कारखाना आहे आणि कंपनीत रशियाच्या रोझनेफ्टचा ४९.१३ टक्के वाटा आहे. काही दिवसांतच मायक्रोसॉफ्टने तिची आउटलुकवरची मेल आणि टीम्सवरच्या मीटिंगा बंद केल्या. भारताचा कोणता कायदा मोडलेला नव्हता, अमेरिकेने या कंपनीवर निर्बंध घातले नव्हते. नायरा दिल्ली उच्च न्यायालयात गेली, तेव्हा महिनाअखेरीस सेवा परत मिळाली. पुढे ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचं आयातशुल्क ५० टक्क्यांवर नेलं, सप्टेंबरमध्ये केंद्रीय मंत्री अश्विनी वैष्णव यांनी आपण झोहो या भारतीय कंपनीच्या सेवेवर गेल्याचं जाहीर केलं, ऑक्टोबरमध्ये अमित शहांनी झोहोवरचा नवा मेल पत्ता दिला. इतकं झाल्यावर गावोगावच्या संस्थांत हा विषय निघणारच होता.

ठराव मला पटला होता आणि आजही पटतो. फक्त मंडळात चर्चा झाली ती कंपनी कोणाची यावर. चाव्या कोणाकडे आहेत, हा प्रश्न निघालाच नाही. तो निघाला प्रत्यक्ष मेल हलवली त्या शनिवारी.

खरं तर पहिलं काम मेलचं नव्हतंच, डोमेनचं होतं, म्हणजे पत्त्यात ‘@’नंतर येणाऱ्या नावाचं. महाविद्यालयं, पतसंस्था, ग्रामपंचायती यांच्या बाबतीत नेहमीचा प्रकार असा की कधीकाळी वेबसाइट करून देणाऱ्याने डोमेन स्वतःच्या खात्यातून घेतलेलं असतं आणि नूतनीकरणाच्या सूचना अजून त्याच्याच मेलवर जातात. दुसरा प्रकार याहून घातक. डोमेनच्या खात्याला जोडलेला मेल त्याच डोमेनवरचा असतो. मेल बंद पडली की डोमेनच्या खात्याचा पासवर्ड बदलण्याची लिंकही त्या बंद मेलमध्येच जाऊन पडते. म्हणून डोमेन संस्थेच्या नावावर घ्यायचं, खात्याला डोमेनबाहेरचा मेल जोडायचा, मोबाइल कार्यालयाचा द्यायचा, दोन जबाबदार माणसांकडे लॉगिन ठेवायचं, डोमेन परस्पर दुसरीकडे जाऊ नये म्हणून ट्रान्सफर लॉक लावायचा आणि नूतनीकरण काही वर्षांचं एकदम करायचं. आणखी एक गोष्ट मंडळांच्या ध्यानात येत नाही. ‘डॉट इन’चा कारभार निक्सी या भारतीय संस्थेकडे आहे, तर ‘डॉट कॉम’ची मूळ नोंदवही व्हेरिसाइन या अमेरिकी कंपनीकडे. मेल कोणाकडेही ठेवा, पत्ता ‘डॉट कॉम’ असेल तर त्याचं मूळ तिथेच राहतं.

केंद्र सरकारने हे बरोबर केलं आहे. सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांची मेल आता झोहोच्या यंत्रणेवर चालते, पण पत्ते सरकारी डोमेनवरचेच राहिले आणि कारभार एनआयसी या सरकारी संगणक संस्थेकडे राहिला. उद्या कंपनी बदलली तरी कोणाला नवी व्हिजिटिंग कार्डं छापावी लागणार नाहीत. या बातमीतला सगळ्यात मोलाचा भाग हाच होता, आणि त्यावर कोणी बोललं नाही.

आता हलवण्याचं काम. मेल कुठे पोचवायची हे डीएनएसमधला, म्हणजे इंटरनेटच्या पत्तेवहीतला, एमएक्स रेकॉर्ड सांगतो. त्याचा टीटीएल, म्हणजे इतरांनी तो किती वेळ लक्षात ठेवायचा ते, बहुतेक ठिकाणी ३६०० सेकंद असतो, काही ठिकाणी ८६४००. तो दोन दिवस आधी ३०० वर आणायचा. ऐन वेळी आणून उपयोग नसतो, कारण जुना आकडा आधीच जगभर लक्षात ठेवला गेलेला असतो. जुन्या मेलची नक्कल आयमॅपसिंक या प्रोग्रॅमने करता येते. तो आयमॅप या, सर्व्हरवरची मेल वाचण्याच्या ठरलेल्या पद्धतीने चालतो. मोठी फेरी आधीच्या आठवड्यांत, शनिवारी फक्त नवीन आलेल्या मेलची. इथे आडवी येते ती मर्यादा. गूगलच्या जाहीर नियमांनुसार आयमॅपने एका खात्यातून दिवसाला २५०० एमबीच उतरवता येतं. म्हणजे ३० जीबीच्या एका मेलबॉक्सला जवळजवळ दोन आठवडे धरायचे. शिवाय जीमेलसारखी जिथे फोल्डरऐवजी लेबलं असतात तिथे एकच मेल तीन लेबलांत आणि ‘सर्व मेल’मध्ये पुन्हा दिसते. ‘सर्व मेल’ वगळलं नाही तर नव्या जागी सगळं दुप्पट होऊन बसतं. कॅलेंडर आणि संपर्क आयमॅपने येतच नाहीत, ते वेगळे काढावे लागतात.

मेल हरवेल ही भीती सगळ्यांना असते, पण ती चुकीच्या जागी असते. समोरचा सर्व्हर सापडला नाही तर पाठवणारा सर्व्हर साधारण चार-पाच दिवस पुन्हापुन्हा प्रयत्न करतो. खरा धोका सर्व्हर सापडतो पण पत्ता सापडत नाही, तेव्हा. ५५० क्रमांकाचं उत्तर जातं आणि मेल त्याच क्षणी परत फिरते. माणसांचे मेलबॉक्स सगळे आठवतात, राहतात ते ‘प्रवेश’, ‘परीक्षा’, ‘निविदा’ असे सामायिक पत्ते. म्हणून एमएक्सला हात लावण्याआधी पत्त्यांची जुनी आणि नवी यादी ओळीला ओळ लावून तपासायची.

दुपारी कार्यालय सुटल्यावर एमएक्स बदलला. पुढच्या तासाभरात नवी मेल नव्या जागी यायला लागली. येणारी मेल सोपी असते, जाणारी अवघड. आपल्या नावाने कोण मेल पाठवू शकतं हे एसपीएफ रेकॉर्ड सांगतो. एका डोमेनला एसपीएफ एकच चालतो. जुना तसाच ठेवून दुसरा जोडला की दोन्ही अवैध ठरतात. त्याच्या आत दहापेक्षा जास्त डीएनएस चौकश्या होऊ लागल्या तरी तो बाद होतो. फी भरण्याचं सॉफ्टवेअर, निकालाचं सॉफ्टवेअर, ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर अशा प्रत्येकाचा ‘इन्क्लूड’, म्हणजे त्यालाही आपल्या नावाने पाठवू देणारी नोंद, जोडत गेलं की दहा कधी झाले ते कळत नाही. डीकेआयएम म्हणजे मेलवरची डिजिटल सही. तिची २०४८ बिटांची किल्ली डीएनएसमधल्या एका अवतरणाच्या २५५ अक्षरांत मावत नाही, ती दोन अवतरणांत तोडून टाकावी लागते. जुनाट डीएनएस पॅनेल शेपूट गुपचूप कापून टाकतं आणि प्रत्येक मेलची सही खोटी ठरते. पॅनेलमध्ये रेकॉर्ड दिसला म्हणून थांबू नये. बाहेरच्या पत्त्यावर मेल पाठवून तिच्या हेडरमध्ये, म्हणजे मेलसोबतच्या तांत्रिक नोंदीत, एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क (आधीच्या दोन तपासण्यांत नापास झालेल्या मेलचं काय करायचं ते सांगणारा रेकॉर्ड) या तिन्हींपुढे ‘पास’ दिसतं का ते बघावं. डीमार्क पहिले काही आठवडे ‘नन’वरच, म्हणजे ‘अडवू नका, फक्त कळवा’ यावरच, ठेवायचा आणि रोजचे अहवाल वाचायचे. आपल्या नावाने कोणकोण मेल पाठवतं हे तिथे पहिल्यांदा कळतं.

लेखा विभागात प्रवेशाच्या कामासाठी थांबलेल्या क्लार्क बाईंचा पाचच्या सुमारास फोन आला. “सर, स्कॅनरवरनं मेल जाईना झालीय. बिलं अडकलीत.” स्कॅनर जुना, त्याला टीएलएसची, म्हणजे मेल वाटेत गुप्त ठेवणाऱ्या पद्धतीची, १.० आवृत्तीच येते. नवा सर्व्हर १.२ च्या खाली बोलत नाही, आणि बोलूही नये. नवा स्कॅनर घेण्याची गरज नसते. कार्यालयातल्या एका जुन्या संगणकावर लिनक्स आणि पोस्टफिक्स हा मेल पुढे पाठवणारा प्रोग्रॅम टाकायचा, फक्त त्या स्कॅनरच्या आयपीवरून आलेली मेल स्वीकारायची आणि ती ५८७ या मेल पाठवण्याच्या पोर्टवरून, नीट लॉगिन करून पुढे पाठवायची. हा बंदोबस्त नसेल तर तो संगणक अख्ख्या नेटवर्कचं उघडं टपालघर होतो आणि एखादा व्हायरस त्यातून संस्थेच्या नावाने वाटेल ते पाठवतो.

संध्याकाळी मात्र वेगळीच तक्रार आली आणि तीच त्या दिवसातली मोठी गोष्ट. प्राध्यापकांची मेल नव्या जागी येत होती, पण मीटिंगचं ॲप, संशोधनपत्रिकांचं पोर्टल, विद्यार्थ्यांचे फॉर्म, या सगळ्यांत शिरायला जुन्याच कंपनीच्या नावाचं बटण होतं. मेल आली, ओळख तिकडेच राहिली. जुनं खातं बंद केलं की त्या प्रत्येक दारावर माणूस अनोळखी ठरणार. फॉर्म तयार करणाऱ्याच्या खात्याशी बांधलेले असतात. निवृत्त झालेल्या माणसाच्या खात्यावरचा प्रवेशअर्ज अजून चालू असतो, आणि त्यात विद्यार्थ्यांची कागदपत्रं असतात. फाइल हलवता येते, जुनी लिंक हलवता येत नाही. वेबसाइटवर, पत्रकांवर, व्हॉट्सॲप ग्रुपवर पसरलेल्या त्या लिंका जुन्या कंपनीकडेच बोट दाखवत राहतात.

कार्यकारी मंडळातल्या एका ज्येष्ठांनी रात्री फोनवर विचारलं, “झालं ना साहेब आता सगळं स्वदेशी?” त्यांना खरं सांगणं भाग होतं. मेल साठते ती आता देशातल्या डेटा सेंटरमध्ये. पण अँड्रॉइड फोनवर भारतीय ॲप उतरवायला बहुतेकांना गूगलचं प्ले स्टोअर लागतं, आणि नवीन मेल आल्याची घंटी साधारणपणे गूगलच्या फायरबेस या सूचना पोचवणाऱ्या सेवेतून येते. आयफोनवर हीच दोन कामं ॲपलकडे आहेत. याचा अर्थ मेल हलवणं फुकट गेलं असा नाही. अवलंबित्वाचे थर असतात आणि आम्ही त्यातला एक, महत्त्वाचा, उतरवला इतकंच.

माझं ठाम मत असं की देशी कंपनीलाही आपण तेच प्रश्न विचारले पाहिजेत जे परदेशीला विचारायला उशीर झाला. सगळे मेलबॉक्स एकगठ्ठा, कुठेही उघडतील अशा स्वरूपात बाहेर काढता येतात का? सेवा थांबवायची तर किती दिवसांची लेखी सूचना? डेटा कुठे, आणि तो हलवला तर कळवणार का? आपलं सरकारही माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६९अ वापरून सेवा बंद करू शकतं. जून २०२० मध्ये एका आदेशाने ५९ चिनी ॲप्स गेली. निर्णय योग्य असो वा नसो, त्या ॲप्सवर पोट असलेल्यांच्या हातात स्वतःची प्रत नव्हती तर त्यांचं काम गेलं.

जर्मनीतल्या श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने ऑक्टोबर २०२५ मध्ये ४० हजारांवर सरकारी मेलबॉक्स ओपन-एक्सचेंज आणि थंडरबर्डवर नेले. त्यांनी फक्त कंपनी बदलली नाही. ज्याची मूळ संहिता खुली आहे आणि जे उद्या दुसरा कोणीही चालवू शकेल, असं सॉफ्टवेअर घेतलं. आपल्याकडे केरळच्या सरकारी शाळा वर्षानुवर्षं मुक्त सॉफ्टवेअरवर चालतात. केंद्राचं खुल्या मानकांचं धोरण २०१० चं आहे, मुक्त सॉफ्टवेअरचं २०१५ चं. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांनी आणि महापालिकांनी निविदांमध्ये आयमॅप, कॅलडॅव्ह (कॅलेंडरसाठीची तशीच खुली पद्धत) आणि एकगठ्ठा निर्यात या तीन अटी घातल्या तरी कंपनी देशी की परदेशी यावरचं भांडण निम्मं मिटेल.

आता रोज रात्री सगळ्या मेलबॉक्सची प्रत संस्थेच्या स्वतःच्या नॅसवर, म्हणजे नेटवर्कला जोडलेल्या साठवणपेटीवर, उतरते आणि दर महिन्याला त्यातला एखादा मेलबॉक्स परत उघडून पाहिला जातो, कारण न उघडलेल्या बॅकअपवर विसंबता येत नाही. जुन्या खात्यांचं लायसन्स अजून चालू ठेवलं आहे. ते संपण्याआधी फॉर्मची मालकी बदलणं, बँक आणि जीएसटी पोर्टलवरचे नोंदणीकृत पत्ते तपासणं आणि जुन्या बटणाने उघडणाऱ्या प्रत्येक पोर्टलवर वेगळा पासवर्ड करून घेणं एवढं बाकी आहे. विभागवार यादी लावली आहे. परीक्षा विभागाचं आधी करायचं, कारण त्यांचे अर्ज लवकरच सुरू होतायत.