पोलादी टार्गेट: किती यार्ड?

आमच्या नेमबाजीच्या क्लबात नवीन माणूस आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "पिस्तूलसाठी किती यार्ड?" म्हणजे टार्गेटच्या पोलादी प्लेटपासून कमीत कमी किती लांब उभं राहून गोळी मारायची. उत्तर आहे दहा. ते मी सांगतो आणि रेंज थंड असेल, म्हणजे गोळीबार बंद असेल, तर त्याला सरळ प्लेटपाशी घेऊन जातो. प्लेट न बघता नुसता आकडा घेऊन जाणाऱ्यांचं मला टेन्शन येतं.

मी राहतो ॲरिझोनात, फिनिक्सच्या बाहेर. त्याआधी कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीच्या लॅबमध्ये होतो. काम एकच. कास्टिंगवर दहा मिमीचा बॉल ३००० किलोच्या दाबाने दाबायचा, ठशाचा व्यास मोजायचा आणि तक्त्यात बघून बीएचएन, म्हणजे कडकपणाचा ब्रिनेल आकडा, लिहायचा. साध्या ग्रे आयर्नवर सव्वाचार मिमीच्या आसपास ठसा यायचा, म्हणजे साधारण २०० बीएचएन. इथे टार्गेटला वापरतात ते पोलाद एआर ५००, कडकपणा नावातच आहे. त्याच्यावर तोच बॉल जेमतेम पावणेतीन मिमीचा ठसा उमटवेल.

या कडकपणावरच सगळं अवलंबून आहे. कडक, सपाट प्लेटवर शिशाची गोळी आपटली की तिचा चुरा होतो आणि तो प्लेटच्या पृष्ठभागालगत चहूबाजूंनी पसरतो. आमच्याकडे प्लेट लाकडी खांबांच्या मधे टांगतात. थोडे दिवस गेले की प्लेटच्या कडेच्या रेषेत ते खांब करवतीने कापावेत तसे खाल्लेले दिसतात. नवीन माणसाला मी तो खांब दाखवतो. चुरा कुठे जातो ते वेगळं समजवावं लागत नाही, आणि प्लेटच्या बाजूला आडवं का उभं राहायचं नाही, तेही कळतं. प्लेट वरून पुढे झुकलेली ठेवतात, वीसेक अंश, म्हणजे बराचसा माल खाली मातीत जातो.

आता तिथे लोखंडवाल्याकडून आणलेला एमएसचा, म्हणजे साध्या मऊ पोलादाचा, तुकडा टांगा. १२०-१३० बीएचएन. रायफलची गोळी त्यात खड्डा पाडते. खड्ड्याच्या गोल भिंतीवरून वळलेलं शिसं आणि तांबं आलं तसं मागे फिरतं, तुमच्याकडे. पुढची गोळी त्याच खड्ड्याच्या काठावर बसली तर कुठे जाईल ते देवालाच ठाऊक. म्हणून मी म्हणतो, खड्डे पडलेल्या प्लेटला दहा यार्ड काय आणि पंचवीस काय!

पिस्तूल नेमबाजीच्या स्पर्धा घेणाऱ्या संघटनांपैकी आयपीएससीच्या नियमात धातूच्या टार्गेटपासून कमीत कमी ७ मीटर अंतर आहे, आयडीपीएवाले १० यार्ड ठेवतात. ७ मीटर मला व्यक्तिशः फार जवळ वाटतं. चांगल्या प्लेटसमोर दहा यार्डांवर उभं असतानाही कधीमधी गोळीवरच्या तांब्याच्या आवरणाचा, जॅकेटचा, कुरळा पातळ तुकडा बुटापाशी येऊन पडतो. त्यामुळे झेड८७.१ हे सुरक्षा मानक छापलेला चष्मा सगळ्यांनी घालायचा, मागे खुर्ची टाकून बसलेल्या वहिनींनीसुद्धा.

रायफलचं गणित वेगळं, तिथे शंभर यार्ड. .२२३ ची ५५ ग्रेनची गोळी लांब नळीतून ३२०० फूट प्रतिसेकंदाच्या आसपास निघते, आणि ३००० च्या वर गेलं की एआर ५०० वरही खळगे पडायला लागतात. शंभर यार्डांवर तोच वेग ३००० च्या खाली आलेला असतो. म्हणजे हे शंभर यार्ड नेमबाजाइतकेच प्लेटसाठी आहेत, आणि प्लेट सपाट राहिली तरच नेमबाज सुरक्षित. हिरव्या टोकाची, आत पोलाद असलेली गोळी तर कुठल्याच अंतरावर नको. अशा गोळ्या ओळखायला मी खिशात लोहचुंबक ठेवतो. लोकांना राग येतो, येऊ दे.

हळू जाणारी गोळी निरुपद्रवी, असं बऱ्याच जणांना वाटतं. उलट आहे. ७५० फुटांच्या खाली वेग असला तर गोळी नीट फुटत नाही, अख्खीच्या अख्खी उसळून परत येऊ शकते. कोल्हापुरात माझा भाचा एअर रायफलच्या क्लासला जातो. स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये ब्राँझ घेतलं तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. त्याचा मेसेज आला, "मामा, गच्चीवर पत्रा टांगू का? ठण्ण आवाज येतो, मजा येते." म्हटलं, बाळा, अजिबात नाही. तुझ्या रायफलचा वेग ६०० फुटांच्याही आत. शिशाचा छर्रा चपटा होईल, पण चपटा होऊनही उडेल, आणि स्टीलचा असला तर जसाच्या तसा तोंडावर येईल. तू आपला कागदावर मार, मागे छर्रे अडवणारा पेलेट ट्रॅप लाव. त्याने तोंड वाकडं केलेला इमोजी पाठवला. दोन मिनिटांनी ताईचा फोन, "असलं काही सांगतोस ते बरं करतोस, माझं ऐकत नाही तो."

सकाळी पहिली फैर सुरू व्हायच्या आत मी हातमोजा घालून प्रत्येक प्लेटवरून हात फिरवतो. बोट कुठे अडकलं की प्लेट उतरवायची. आमच्यातला एक वेल्डर दरवेळी म्हणतो, भरून देतो की खड्डा, ग्राइंड करून आरशासारखी करतो. त्याचं वेल्डिंग उत्तम आहे, वाद नाही. पण एआर ५०० ला कडकपणा येतो तो हीट ट्रीटमेंटमधून, आणि वेल्डिंगची उष्णता लागली की जोडाच्या आजूबाजूचं पोलाद मऊ पडतं. वरून आरसा, आत एमएस. अशी प्लेट सरळ भंगारात जाते. नवीन प्लेट महाग पडते म्हणून मीटिंगमध्ये दरवेळी कुरकुर होते, ती मी ऐकून घेतो.