ऑटोकॉकरसाठी ग्रिप फ्रेम: आधी पिना, मग आकार

पेंटबॉलच्या मार्करची, म्हणजे रंगाच्या गोळ्या हवेने उडवणाऱ्या बंदुकीची, ग्रिप फ्रेम (ट्रिगर आणि मूठ असलेला खालचा भाग) करायची म्हटली की बहुतेक जण थेट आकाराला हात घालतात. बोटांच्या खाचा, ट्रिगर गार्डचा बाक, मूठ किती तिरकी. कॅडमध्ये हे सगळं दिसतंही छान. मग प्रिंट केलेली फ्रेम मार्करला लावली की कळतं, हॅमर (स्प्रिंगच्या जोराने पुढे झेपावून झडप उघडणारा ठोकळा) अडकतच नाही, किंवा अडकला की सुटत नाही. कारण फ्रेम हे मुळात मुठीचं काम नाहीच. सियरची, म्हणजे हॅमर अडवून धरणाऱ्या खिट्टीची, पिन बॉडीपासून ठरलेल्या अंतरावर धरून ठेवणारा तो ठोकळा आहे. मूठ त्याला खालून लटकलेली असते, एवढंच.

उदाहरणाला डब्ल्यूजीपी या कंपनीचा ऑटोकॉकर हा मार्कर घेऊ, सरकत्या ट्रिगर प्लेटच्या फ्रेमचा. बड ऑर यांच्या स्नायपर या पंप मार्करमधून तो पुढे आला. बोल्ट (गोळी बॅरलमध्ये ढकलणारा दांडा) बंद असताना गोळी सुटते आणि नंतर मार्कर स्वतःला कॉक करतो, म्हणजे हॅमर मागे नेऊन अडकवतो. एकाच ट्रिगरच्या ओढीत दोन कामं क्रमाने होतात: आधी प्लेट सियरला ढकलते आणि हॅमर सुटतो, मग प्लेटला जोडलेला टायमिंग रॉड पुढची थ्री-वे (हवेची वाट बदलणारी झडप) सरकवतो, रॅम (हवेवर चालणारा छोटा सिलिंडर) मागचा ब्लॉक ढकलतो. हा क्रम उलटला तर गोळी सुटायच्या आतच बोल्ट उघडायला लागतो. म्हणून ट्रिगर प्लेटची खाच लांबीला किती, हा प्रश्न बोटाच्या सोयीचा नाही, टायमिंगचा आहे. खाच आखूड पडली तर थ्री-वे पूर्ण सरकत नाही आणि ब्लॉक मध्येच रेंगाळतो. लांब झाली तर ओढ उगाच लांबते, पण ते ट्रिगर प्लेटमागच्या स्टॉप स्क्रूने आवरता येतं. त्यामुळे पहिल्या ड्रॉइंगमध्ये खाच अर्धा-एक मिलिमीटर लांबच ठेवा आणि स्टॉप स्क्रूला जागा सोडा.

मापं घेताना एकच संदर्भ धरायचा: फ्रेमची वरची सपाट बाजू आणि पुढच्या स्क्रूच्या भोकाचा मध्य. बाकी सगळं तिथून मोजायचं. एका भोकापासून दुसरं, दुसऱ्यापासून तिसरं असं साखळीने मोजलं की प्रत्येक मापाची चूक पुढच्यात जमा होते. दोन भोकांतलं अंतर भोकांच्या कडांवरून घेऊ नका, कडा घासलेल्या असतात. दोन्ही भोकांत घट्ट बसणाऱ्या सारख्या पिना घाला, पिनांच्या बाहेरून बाहेरपर्यंत व्हर्नियर लावा आणि एका पिनेचा व्यास वजा करा. फ्लॅटबेड स्कॅनरवर ६०० डीपीआयला फ्रेम आडवी ठेवून काढलेला स्कॅन बाह्याकारासाठी उत्तम, एका मिलिमीटरला २३-२४ पिक्सेल मिळतात. पण काचेपासून वर असलेल्या कडा तिरक्या दिसतात, तेव्हा भोकांसाठी त्याच्यावर विसंबू नका.

यानंतर थेट पूर्ण फ्रेम प्रिंट करायचा मोह टाळा. दोन वेगळे प्रोटोटाइप करा, एक यंत्रणेचा, एक मुठीचा.

यंत्रणेचा प्रोटोटाइप थरांचा. दोन बाजूंना ३ मिमी अ‍ॅक्रिलिकच्या लेझर कट पट्ट्या आणि मध्ये ट्रिगर प्लेटपेक्षा ०.२ मिमी जाड अंतर राखणारे तुकडे. मूठ नको, गार्ड नको. पारदर्शक असल्याने सियर, प्लेट आणि स्प्रिंग तिन्ही चालताना दिसतात, आणि हे दिसणं फार मोलाचं आहे: प्लेट सियरला खरंच मध्यावर भिडते की कोपऱ्याने खरवडते, ते कुठल्याही कॅडपेक्षा इथे लवकर कळतं. पिनांसाठी अ‍ॅक्रिलिकची भोकं थोडी लहान कापून हाताने रीम करा, म्हणजे रीमर फिरवून नेमक्या मापाला आणा. लेझरचं भोक एका तोंडाला मोठं आणि दुसऱ्याला लहान निघतं, तसंच वापरलं तर पिन तिरकी बसते.

हा सांगाडा लावून बघताना हॅमरच्या लगला (सियरला अडकणाऱ्या त्याच्या खालच्या स्क्रूला) हात लावू नका. लगची उंची बोल्ट काढून बॉडीच्या वरच्या भोकातून १/८ इंची अ‍ॅलन कीने बदलता येते आणि तेच इथलं आमिष आहे. जुन्या फ्रेमवर मार्कर नीट चालत असेल, तर त्याच लगवर नवा सांगाडाही चालला पाहिजे. चालला नाही तर सियरच्या पिनेची उंची चुकली आहे. लग फिरवून ती चूक झाकता येते, पण मग तुमची फ्रेम त्या एकाच लगशी बांधली जाते. आणखी एक तपासणी: पुढचा स्क्रू आवळा, मागचा सैल ठेवा, ट्रिगर ओढून बघा. मग उलट करा. दोन्ही वेळा सुटण्याची जागा वेगळी वाटली तर वरची बाजू सपाट नाही आणि स्क्रू आवळताना फ्रेम वाकते आहे. हे सगळं हवा न जोडता, हाताने कॉक करून.

मुठीचा प्रोटोटाइप पीएलए या साध्या प्रिंटिंग प्लास्टिकमध्ये चालेल. इथे कोन ठरतो. ४५च्या पिस्तुलाच्या मुठीचे पॅनेल बसवायची सोय हवी असेल तर त्यांच्या दोन स्क्रूंमधलं अंतर साधारण ७८ मिमी असतं, पण पॅनेल हातात आल्याशिवाय भोकं कायम करू नका. पिस्तुलाचा तिरका कोन मात्र तसाच उचलू नका. पिस्तूल हात लांब करून धरतात. पेंटबॉलमध्ये टाकी खांद्याला टेकते, कोपर दुमडलेलं असतं, आणि तेव्हा मनगटाला जास्त उभी मूठ बरी पडते. हातमोजे घालूनच पारखा. मागे बीव्हरटेल (हाताच्या वर शेपटीसारखं बाहेर आलेलं टोक) ठेवायलाच हवं: ऑटोकॉकरचा ब्लॉक मागे येतो आणि अंगठ्याचं बेचकं नेमकं त्याच्या वाटेत असतं.

दोन्ही जमले की एकत्र प्रिंट, आता पीईटीजी किंवा नायलॉन या जास्त चिवट प्लास्टिकमध्ये, पाच-सहा भिंती ठेवून. प्रिंट आडवीच, कुशीवर झोपवून. उभी प्रिंट केली तर थर मुठीला आडवे येतात आणि ट्रिगर गार्डच्या मागे, जिथे मूठ सगळ्यात बारीक, तिथे फ्रेम थरावरून तुटते. प्लास्टिकच्या फ्रेमला खालून हवेची टाकी लावायची नाही, मग भिंती कितीही असोत. भरलेली टाकी किलोच्या आसपास असते, ती खालच्या दोन स्क्रूंना उचकटते, आणि एएसए (टाकी किंवा नळी जोडायचा अडॅप्टर) निसटला तर ८०० पीएसआयच्या आसपासची हवा नळीसकट मोकळी होते. हवेवर चाचणी घ्यायचीच तर रिमोट लाइन (टाकी दूर ठेवून जोडायची लांब नळी) सरळ पुढच्या उभ्या एएसएला जोडा, डोळ्यांवर मास्क, मार्करमध्ये गोळ्या नाहीत.

खालची ती दोन भोकं १०-३२ आट्यांची. आपल्याकडे कुणीतरी हमखास एम५ चा स्क्रू फिरवून बघतो, कारण व्यास ४.८३ आणि ५, पिच ०.७९४ आणि ०.८. पहिला आटा लागतो, पुढे अडकतो, जोर लावला की अ‍ॅल्युमिनियमचे आटे जातात. १०-३२ यूएनएफ टॅप मुंबईत नागदेवी स्ट्रीटला विचारा, ड्रिल ४ ते ४.१ मिमी.

शेवटची फ्रेम ६०६१-टी६ अ‍ॅल्युमिनियममध्ये. भोसरी किंवा चाकणच्या जॉबवर्कवाल्याला ड्रॉइंग देताना तीन गोष्टी ठळक लिहा. एक, पिनेची भोकं ड्रिल नव्हे, रीम, आणि दोन्ही भिंतींतून एकाच सेटिंगमध्ये. बाजू उलटून दुसऱ्या बाजूने भोक पाडलं की पिन तिरकी गेलीच. दोन, ट्रिगरची खाच खोल आहे. ६ मिमी कटर ३० मिमी बाहेर काढला की तो लवतो आणि खाच तळाला निमुळती होते, मग प्लेट वर मोकळी आणि खाली घट्ट. आधी ड्रिलने माल काढून घ्या, शेवटी ०.१ मिमीचा फिनिशिंग पास दोनदा द्या. तीन, खाचेच्या आतल्या कोपऱ्यात कटरची त्रिज्या उरते. सियरचा चौकोनी कोपरा तिथे टेकतो, त्याला आधीच मोकळी जागा काढा. कानशीने नंतर काढलेली जागा कधीच सरळ येत नाही.

अ‍ॅनोडायझिंगला पाठवण्याआधी धारा मोडून घ्या, कारण धारेवर थर नीट धरत नाही. रंगाच्या साध्या थराने भोकं जेमतेम मिलिमीटरच्या शंभराव्या भागाने लहान होतात, ते चालतं. हार्ड अ‍ॅनोडायझिंगचा ५० मायक्रॉनचा थर मात्र प्रत्येक पृष्ठभागावर २५ मायक्रॉन बाहेर वाढतो, म्हणजे भोक ०.०५ मिमीने लहान. हार्ड करायचं असेल तर पिनेच्या भोकांना आणि आट्यांना रबरी बूच लावायला सांगा. परत आल्यावर टॅप हलकेच फिरवा, प्लेट तेल न लावता वजनाने आपोआप सरकते का बघा, आणि तशी सरकली तरच स्प्रिंग घाला. मग कॉक करून, गोळ्या न भरता, बॅरलवर कव्हर आणि तोंडावर मास्क ठेवून फ्रेमला सगळ्या बाजूंनी रबरी हातोडीने ठोका. हॅमर एकदा जरी आपोआप सुटला तर ती फ्रेम मैदानात न्यायची नाही, सियरची पकड पुन्हा तपासायची.