तीन पातळ फळ्यांचं दार

मागच्या पावसाळ्यात आमच्या कोथरूडच्या घरातल्या फडताळाचं दार पन्हळीसारखं वाकलं. अख्खी सागवानी फळी होती, तरीही! या वेळी ठरवलं, पातळ फळ्या एकावर एक चिकटवून दोन्ही दारं करायची.

भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून जुन्या वाड्याची तुळई आणली. चिरण्याआधी त्यातले खिळे उपसण्यातच अर्धा दिवस गेला. तीन-तीन सुतांच्या (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) फळ्या निघाल्या, त्या मध्ये पट्ट्या देऊन दोन आठवडे पंख्याखाली रचल्या. रंध्यानंतर दोन सूत उरल्या. तीन थर म्हणजे पाऊण इंच.

सुतारकाका म्हणाले, "ताई, मधली आडवी टाका, प्लायसारखी." मी ऐकलं नाही. प्लायचे पापुद्रे कागदासारखे. दोन सुतांचं सागवान आडवं टाकलं तर ओढाताणीत तडकेल, अशी मला भीती. तिन्हींच्या रेषा उभ्याच ठेवल्या. फक्त बाहेरच्या दोन्ही फळ्यांची झाडाच्या गाभ्याकडची बाजू आत वळवली, म्हणजे एक जिकडे वाकेल त्याच्या उलट दुसरी.

खरी परीक्षा फेव्हिकॉलची. एप्रिलच्या उन्हात तो बघता बघता साय धरतो, म्हणून पहाटे साडेपाचला बसले. सागवान तेलकट, म्हणून त्याच सकाळी पुन्हा हलका रंधा फिरवून घेतला. शिकंजे, म्हणजे फळ्या दाबून धरणारे क्लॅम्प, आवळले की फळ्या साबणासारख्या घसरतात! नंतर कापून टाकायच्या कडेत डोकं उडवलेले दोन बारीक खिळे ठोकले तेव्हा त्या जागच्या जागी राहिल्या. शिकंजे कडांनाच धरतात, मधे दाब पोचत नाही. त्यासाठी किंचित फुगीर रंधलेल्या आडव्या पट्ट्या वर-खाली घातल्या.

पहिलं दार मात्र माझ्याच घाईने बिघडलं. दुसऱ्या दिवशी शिकंजे सोडून ते फरशीवर आडवं टाकलं आणि ऑफिसला गेले. गोंदातलं पाणी लाकडात होतंच. वरची बाजू सुकली, खालची ओलीच राहिली. संध्याकाळी बघते तर दार वाटीसारखं! उलटं करून ठेवलं, बरंचसं सरळ झालं. दुसरं दार आठवडाभर भिंतीला उभं टेकवलं, दोन्हीकडून वारा लागेल असं, आणि मगच शेवटचा रंधा.

ऑगस्टमध्ये पट्टी लावून पाहिली, दोन्ही दारं सपाट. पण रुंदीला फुगलीच, चौकटीला घासायला लागली. काका हसत म्हणाले, "आडवी टाकली असती तर?" मी काही न बोलता कडेवरून रंधा फिरवला.