समलंब चौकोन आणि एक कर्ण

समलंब चौकोनाच्या असमांतर बाजूंचे मध्यबिंदू जोडणारा रेषाखंड समांतर बाजूंना समांतर असतो आणि त्याची लांबी त्या दोन बाजूंच्या बेरजेच्या निम्मी असते. सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहायला बसल्यावर मला स्नेहसंमेलनांच्या आणि सहलींच्या आधी हे प्रमेय आठवले, कारण सिद्धता म्हणजे काय हे मला या शाळेत, आमच्या भूमितीच्या सरांच्या तासाला, त्यातूनच उमगले.

सरांनी सूत्र आधी सांगितलेच नाही. त्यांनी अबकड हा समलंब चौकोन काढला. अब ही वरची आणि डक ही खालची समांतर बाजू. अड आणि बक यांचे मध्यबिंदू प आणि फ दाखवून त्यांनी आम्हाला फक्त कर्ण अक काढायला लावला. कर्णामुळे चौकोनाचे दोन त्रिकोण झाले, आणि त्रिकोणाच्या मध्यबिंदूंचे प्रमेय (दोन बाजूंचे मध्यबिंदू जोडणारा रेषाखंड तिसऱ्या बाजूला समांतर आणि तिच्या निम्मा असतो) तर आम्हाला येतच होते. प मधून डकला समांतर काढलेली रेषा पहिल्या त्रिकोणात कर्णाला त्याच्या मध्यबिंदूत, म मध्ये, छेदते आणि पम हा डकच्या निम्मा होतो. तीच रेषा दुसऱ्या त्रिकोणात शिरून बकलाही मध्यबिंदूतच छेदते, म्हणजे फ मधूनच जाते, आणि मफ हा अबच्या निम्मा होतो. त्या सूत्रातली बेरीज कुठून आली, हे आकृतीत उघड दिसत होते. मग सरांनी वरची बाजू लहान करत नेली. ती शून्य झाली तेव्हा चौकोनाचा त्रिकोण झाला आणि आमचे जुने प्रमेय या नव्या प्रमेयाच्या पोटातच सापडले. गणितात एवढे सुंदर मी फार थोडे पाहिले आहे.

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तही (इ. स. ११५०) अशा चौकोनाचे क्षेत्रफळ भू (खालची बाजू) आणि मुख (वरची बाजू) यांच्या बेरजेच्या निम्म्याला लंबाने (उंचीने) गुणून काढले आहे, हे सरांनी त्याच तासाला सांगितले.

पुढे मी पाटबंधाऱ्याच्या कामात आलो आणि कालव्याच्या काटछेदात, म्हणजे कालवा आडवा कापल्यावर दिसणाऱ्या आकारात, हाच चौकोन रोज भेटू लागला. तळाची रुंदी २ मीटर, वरची १४ मीटर आणि खोली ४ मीटर असेल, तर मधली रुंदी ८ मीटर आणि काटछेदाचे क्षेत्रफळ ३२ चौरस मीटर होते. मात्र मधली रेषा क्षेत्रफळाचे दोन समान भाग करत नाही, हे नीट ध्यानात ठेवावे लागते. पाणी निम्म्या खोलीपर्यंत, म्हणजे २ मीटर असेल, तर ओला काटछेद १० चौरस मीटरच भरतो, एकतृतीयांशाहूनही कमी. निम्मे क्षेत्रफळ, म्हणजे १६ चौरस मीटर, भरायला पाणी सुमारे २.६७ मीटरपर्यंत चढावे लागते, आणि तिथे पाण्याची रुंदी १० मीटर असते.